दरवर्षी एसीचा गॅस ‘संपतो’, पावसाळ्यात पाइप ठिबकतो : पाइप-जोडणीची गळती आणि इन्सुलेशन

पाडव्याला घेतलेला एसी पहिला उन्हाळा झकास चालतो. दुसऱ्या वर्षी एप्रिल उजाडला की पंखा फिरतो, हवा येते, पण गारवा नाही. मेकॅनिक येतो, गेज लावतो, ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो, भरतो, पैसे घेऊन जातो. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठेही कामाला जा, हे गाऱ्हाणं ठरलेलं. त्याच्या जोडीला दुसरं एक असतं. वळीव पडून गेला किंवा जून लागला की पीओपीवर तपकिरी वर्तुळं उमटतात, भिंतीला ओल येते आणि ‘एसी गळतोय’ म्हणून फोन येतो.

ऐकायला या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. मूळ मात्र बहुतेक वेळा एसी बसवला त्याच दिवशीच्या कामात सापडतं. पाइपची गळती न तपासता त्यावर फोम आणि टेप चढवून टाकलेली असते, आणि तो फोमही जेमतेम असतो.

एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठून तरी बाहेर गेला. त्यामुळे ‘दर दोन वर्षांनी भरावाच लागतो’ असं कुणी सांगितलं तर त्याला गळती शोधायची नाही, एवढंच समजावं.

आधी गॅसच कमी आहे का ते बघा

गारवा नसला की पहिला संशय गॅसवर जातो, पण फिल्टरवर धुळीचा थर असला, आउटडोअरची जाळी कचऱ्याने बुजली असली, संध्याकाळी व्होल्टेज उतरत असलं किंवा कपॅसिटर कमजोर झाला असला तरी खोली गार होत नाही. म्हणून आधी फिल्टर धुवा. मग पंधरा-वीस मिनिटं एसी चालवा आणि आउटडोअरजवळ जाऊन दोन पाइपपैकी बारीक पाइपाच्या व्हॉल्व्हकडे बघा. तिथेच पांढरं बर्फ धरलं असेल आणि जाड पाइप मात्र कोमट असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. बर्फ इनडोअरच्या सगळ्या कॉइलवर पसरून जाड पाइपापर्यंत आलं असेल तर आधी फिल्टर आणि पंखा तपासा. हवा कमी खेळली की असंच होतं. इन्व्हर्टर एसीत नुसत्या गेजच्या आकड्यावरून निदान करू नये. कॉम्प्रेसरचा वेग बदलला की दाबही बदलतो.

एक प्रश्न हमखास येतो : ‘हिवाळाभर लावलाच न्हाई, मग गॅस गेला कुठं?’ याचं उत्तर दाबात आहे. आर-३२ गॅसचा एसी चालू असताना इनडोअरकडे जाणाऱ्या पाइपांत साधारण १२० ते १५० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाब असतो. एसी बंद केला की दोन्ही बाजूंचा दाब एक होतो आणि तो बाहेरच्या तापमानावर ठरतो. हवा २० अंश असेल तर सुमारे २०० पीएसआय, ४० अंश असेल तर जवळजवळ ३४५. म्हणजे तुमच्या भिंतीमागच्या जोडावर सगळ्यात जास्त ताण एसी बंद असतानाच असतो. न वापरलेल्या एसीतून गॅस जातो तो असा.

गळती बहुतेक कुठे असते

कॉइल फुटली, पाइप सडला, अशा गोष्टी घडतात, पण क्वचित. बहुतेक गळती फ्लेअर नटाशी असते. पाइपाचं तोंड कर्ण्यासारखं फाकवतात तो फ्लेअर, आणि ते तोंड दाबून धरतो तो हा नट : इनडोअरच्या मागे दोन आणि आउटडोअरच्या व्हॉल्व्हवर दोन. त्यातही इनडोअरमागचे दोन जास्त, कारण ते जोडताना हाताला जागा मिळत नाही आणि एकदा टेप गुंडाळली की कुणाला दिसत नाहीत.

बेळगावच्या शहापुरातल्या एका दवाखान्यात सलग काही उन्हाळे गॅस भरला जात होता. आउटडोअरचे नट प्रत्येक वेळी साबण लावून तपासले जात, तिथे काही मिळत नसे. इनडोअर जरा पुढे ओढून मागची पांढरी टेप सोडवली तेव्हा आतला फोम जाड पाइपाच्या नटाजवळ काळपट आणि चिकट लागला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. तो डाग म्हणजे गळतीचा पत्ताच. नट पुसला, साबणाचं घट्ट पाणी ब्रशने लावलं आणि थांबलो. फुगे आलेच नाहीत. बऱ्याच वेळाने नटाच्या मागच्या बाजूला, जिथे तांब्याचा पाइप नटात शिरतो त्या फटीत, मोहरीएवढा पांढरा फेस गोळा व्हायला लागला. पुसला तरी पुन्हा तिथेच. नट सोडवला तर फ्लेअरच्या तोंडावर एक बारीक उभी चीर होती. पाइप कापल्यावर आतल्या कडेची धार न काढताच तोंड फाकवलं होतं. पाइपाचं ते टोक कापून फ्लेअर नव्याने केल्यावर पुढच्या उन्हाळ्यात तिथून फोन आला नाही.

मोठी गळती फुगे काढते, बारीक गळती फक्त फेस काढते आणि त्याला दहा मिनिटंही लागतात. साबण लावून लगेच ‘काही नाही’ म्हणणाऱ्याला बारीक गळती सापडत नाही. साबणही जरा घट्ट हवा, तासाभरात वाळून जाणारा नको, आणि तपासून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा.

जुन्या लोकांकडे अजून हॅलाइडची मशाल असते, ज्योत हिरवी झाली की गळती सापडली म्हणायचे. ती क्लोरिन असलेल्या गॅसवर चालायची, आर-२२ सारख्या. आर-३२ आणि आर-४१०ए मध्ये क्लोरिन नाही, त्यामुळे ज्योतीचा रंग बदलत नाही. शिवाय आर-३२ थोडा का होईना, पेट घेणारा आहे आणि काही घरगुती एसीत वापरला जाणारा आर-२९० म्हणजे तर सरळ प्रोपेन. तिथे ज्योत घेऊन जायचंच नाही.

फ्लेअर

दीड टनी आर-३२ एसीला बहुतेक वेळा दोन सुताचा (पाव इंची) आणि चार सुताचा (अर्धा इंची) पाइप येतो. पाइप करवतीने कापू नये, कटरनेच कापावा. कटरची चाकीही हळूहळू आवळावी, नाहीतर पाइप चपटतो. कापलेलं तोंड खाली धरून रिमरने आतली धार काढायची, म्हणजे तांब्याचा कीस पाइपात जात नाही. आत गेलेला कीस पुढे कॅपिलरीत, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या अगदी बारीक नळीत, अडकतो. मग फ्लेअर करण्याआधी नट आणि इन्सुलेशनची रबराची नळी पाइपात ओवायची. हे विसरलं की केलेला फ्लेअर कापावा लागतो किंवा रबर चिरून वरून लावावं लागतं, आणि मग पावसाळ्यात त्याच चिरेतून पाणी ठिबकतं.

फ्लेअर ४५ अंशांचा, गुळगुळीत, सगळीकडे सारख्या रुंदीचा हवा. त्याच्या तोंडाला आतून-बाहेरून कॉम्प्रेसरच्याच तेलाचा एक थेंब पुरे. आट्यांवर टेफ्लॉन टेप, शेलॅक, सीलंट यांतलं काहीही लावायचं नाही. इथे सील धरतं ते तांब्याचं तोंड पितळेवर बसून. आट्या फक्त दाबून धरतात.

आवळण्याबाबत मी हट्टी आहे : टॉर्क पाना वापरा. दोन सुताच्या नटाला सुमारे १५ ते १७ न्यूटन-मीटर, तीन सुताला ३३ ते ४०, चार सुताला ५० ते ६०. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. लांब दांड्याचा पाना घेऊन दोन सुताचा नट ‘अजून जरा’ आवळला की फ्लेअरचं तोंड पातळ होतं. ते त्या दिवशी गळत नाही. दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे गेल्यावर गळतं. नेहमी दोन पाने लावा, एकाने धरा आणि एकाने फिरवा, म्हणजे इनडोअरची नळी पिळली जात नाही.

नायट्रोजन

आता खरी चाचणी. जोडण्या झाल्या, पण जोडांवर फोम आणि टेप चढायच्या आधी पाइपात कोरडा नायट्रोजन भरून दाब धरायचा. आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंदच ठेवायचे. कारखान्यातून आलेला गॅस त्यामागे असतो आणि त्याला हात लागत नाही. जाड पाइपाच्या व्हॉल्व्हवरच्या सर्व्हिस पोर्टमधून नायट्रोजन सोडला की चाचणी होते ती दोन पाइप, इनडोअर कॉइल आणि चारही नट यांची.

नायट्रोजनच का? तो कोरडा असतो, तेलाशी काही करत नाही, जळत नाही. वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजनचं सिलिंडर आणून कुणी ‘दाब तर दाबच आहे’ म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. दाबातला ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो. अशा अपघातांत माणसं गेली आहेत. आपल्याकडे नायट्रोजनचं सिलिंडर करडं आणि मानेशी काळं असतं, वेल्डिंगच्या ऑक्सिजनचं पूर्ण काळं. रंग घासून गेलेलं सिलिंडर घेऊच नका. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवाही नको. त्यात दमटपणा असतो आणि ऑक्सिजनही.

भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो, म्हणून रेग्युलेटरशिवाय ते पाइपाला जोडायचं नाही. सिलिंडर उभं ठेवून बांधायचं आणि बंद खोलीत काम असेल तर खिडकी उघडायची. गेज आणि नळ्याही या दाबाच्या हव्यात. आर-२२ च्या काळातला जुना सेट इथे फुटू शकतो.

दाब एकदम चढवायचा नाही. आधी ७० पीएसआय, पाच मिनिटं थांबा. मग २१५, पुन्हा पाच मिनिटं. एखादा नट ढिला असेल तर याच टप्प्यांत कळतं, कधी कधी नुसत्या फुसफुशीवरूनही. त्यानंतर शेवटचा टप्पा. आर-३२ आणि आर-४१०ए साठी कंपन्यांची पुस्तकं हा टप्पा बहुधा ४ मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे ६०० पीएसआयजवळ सांगतात. पण इनडोअरच्या पाटीवर त्याहून कमी कमाल दाब छापला असेल तर पाटीचं ऐकायचं. मोठ्या कामात हा दाब २४ तास धरतात. घरातल्या एका स्प्लिटला निदान तासभर, आणि तेवढ्या वेळात प्रत्येक नटाला साबण.

रात्रभर दाब ठेवलात तर सकाळी काटा खाली आलेला दिसेल. घाबरू नका. दुपारी ३६ अंशांत ५०० पीएसआय भरला आणि पहाटे २४ अंश झाले, तर गळती नसतानाही काटा ४८० वर येतो. हिशेब सोपा आहे : गेजच्या आकड्यात हवेचा दाब मिळवा (बेळगावात सुमारे १३.४ पीएसआय), तापमानात २७३ मिळवा आणि गुणोत्तर काढा. ५१३.४ ला ३०९ ने भागून २९७ ने गुणलं की ४९३.५ येतं, त्यातून १३.४ वजा केले की ४८०. म्हणजे या दाबाला दर अंशामागे दीड-पावणेदोन पीएसआयचा फरक धरायचा. म्हणून दाब भरला तेव्हाचं तापमान आणि वेळ पाइपावरच मार्करने लिहून ठेवावी. काटा त्याहूनही खाली गेला असेल तरच गळती.

हे सगळं माहीत असूनही नायट्रोजन का टाळतात, तेही सांगतो. एप्रिलमध्ये एका फिटरकडे दिवसाला चार-चार बसवण्या असतात आणि मोबदला नगावर मिळतो. तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर चढवायचं कोणी? नायट्रोजन मिळत नाही म्हणावं तर तसंही नाही, उद्यमबागेच्या कारखान्यांना तो लागतोच. ग्राहकाने बसवण्याआधीच ‘नायट्रोजनने दाब धरून दाखवा, त्याचे वेगळे पैसे देतो’ असं बोलून घेतलं की बरेच फिटर आनंदाने करतात. छोटी सिलिंडरंही मिळतात, ती एका माणसाला उचलतात.

पाइप वाढवताना मध्ये ब्रेझिंगचा (तापवून, धातूची काडी वितळवून केलेला) जोड आला तर त्या वेळीही पाइपातून नायट्रोजन अगदी मंद सोडत राहायचं. नाहीतर आतून काळी खपली धरते, ती सुटून फिरत राहते आणि कॅपिलरी बुजवते. असा जोड भिंतीच्या आत लपवायचा नाही.

व्हॅक्यूम म्हणजे गळतीची चाचणी नव्हे

‘व्हॅक्यूम धरलंय की, लीक कुठलं?’ हे वाक्य आमच्याकडे फार चालतं. व्हॅक्यूममध्ये, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून घेतल्यावर, पाइपावर बाहेरून दाब पडतो तो फक्त हवेचा, तेरा-चौदा पीएसआय. तोच पाइप पुढे उन्हाळ्यात आतून साडेतीनशेच्या जवळ दाब सोसणार. आतून ढकलल्यावर उघडणारी चीर बाहेरून दाबल्यावर मिटूही शकते. व्हॅक्यूमचं काम वेगळं : हवा आणि ओल काढणं. ओल राहिली की आर-३२ आणि आर-४१०ए सोबतचं तेल तिच्याशी मिळून आम्ल बनवतं आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी करतं. इनडोअर-पाइपातली हवा थोडा गॅस सोडून ‘हाकलून’ लावायची जुनी पद्धत म्हणूनच बंद करा.

इथे बेळगावची एक गंमत आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर. मुंबईत किंवा कारवारला पूर्ण व्हॅक्यूमला गेजचा काटा पाऱ्याच्या उणे ३० इंचांजवळ जातो, बेळगावात तो २७ च्या आसपासच थांबणार, कारण हवेचाच दाब इथे तेवढा आहे. हे माहीत नसलेले लोक पंपाला दोष देत तासभर वाट बघत बसतात, किंवा उलट, २५ ला आला की ‘झालं’ म्हणून पंप बंद करतात. या काट्यावरून शेवटचा महत्त्वाचा भाग कळतच नाही. व्हॅक्यूम बारकाईने मोजणारं मायक्रॉन गेज घ्या, ५०० मायक्रॉनच्या खाली जाऊ द्या, मग पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दहा-पंधरा मिनिटं बघा. आकडा चढून पंधराशे-दोन हजारांवर थांबला तर आत ओल आहे, पंप पुन्हा चालवा. चढतच राहिला तर गळती आहे, पुन्हा नायट्रोजनकडे.

गॅस भरायची वेळ आली तर वजनकाट्यावर, पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतका. आर-४१०ए हे दोन गॅसचं मिश्रण आहे, त्यामुळे बरीच गळती झाली असेल तर उरलेला काढून घेऊन पूर्ण वजन नव्याने भरणं सरळ पडतं. काढलेला गॅस हवेत सोडू नका. आर-४१०ए चा एक किलो हवा तापवण्याच्या बाबतीत दोन हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडएवढा पडतो, आर-३२ चा किलो ६७५ किलोंएवढा.

पाइप ठिबकतो, पण गॅस भरपूर आहे

छतातून पाणी पडतं तेव्हा लोक ड्रेन पाइपच्या मागे लागतात. ते आधी तपासणं बरोबरच आहे : इनडोअरच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि बाहेर तेवढंच येतं का बघा. ड्रेन मोकळा असूनही ओल येत असेल तर पाइपाला घाम सुटतोय.

पावसाळ्यात हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर २४ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. आपला पाइप असतो ७-८ अंशांवर. रबराचं काम एवढंच की त्याचा बाहेरचा पृष्ठभाग २४ च्या वर ठेवायचा. चार सुताच्या पाइपावर ९ मिलिमीटर जाडीचं नायट्राइल रबर लावून हिशेब केला तर बाहेरचा भाग २२ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे घाम सुटणारच. १३ मिलिमीटरचं काठावर पडतं. १९ मिलिमीटरचं जेमतेम कोरडं राहतं. बंद पीओपीच्या वर, जिथे वारं नाही, तिथे म्हणूनच १९ चं वापरा.

हा जिल्हा एवढा वेगवेगळा आहे की एकच माप सगळीकडे चालत नाही. अथणी, रायबाग, गोकाककडे हवा कोरडी, उन्हाळा कडक. तिथे १३ चं उघड्यावर चालून जातं आणि खरी काळजी उन्हाची घ्यावी लागते. खानापूरच्या पुढे जांबोटी-कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात. बेळगाव शहर या दोहोंच्या मध्ये. घरातले एसी पावसाळ्यात बंदच असतात म्हणून तक्रार कमी. पण दवाखान्याची शस्त्रक्रियेची खोली, बँकेची सर्व्हरची खोली, खडेबाजारातली काचेची दुकानं बाराही महिने एसी लावतात, आणि पीओपीवरची वर्तुळं तिथेच दिसतात.

आता नेहमी होणारी चूक. ‘बारीक पाइप गरम असतो, त्याला फोम कशाला?’ मोठ्या सेंट्रल यंत्रणेत ते खरं असेल. घरगुती स्प्लिटमध्ये कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आउटडोअरमध्येच असतो, त्यामुळे बारीक पाइपातून इनडोअरकडे जातो तो आधीच गार झालेला गॅस. चालू एसीच्या बारीक पाइपाला हात लावून बघा. त्याला स्वतंत्र रबर हवं. दोन्ही पाइप एकाच नळीत कोंबलेले तर मी अनेकदा पाहिलेत. त्यात दोघांच्या मध्ये हवेची पोकळी राहते आणि ती पाण्याने भरते.

पांढरा स्वस्त फोम आणि काळं बंद-पेशींचं रबर यांतला फरक ओळखायला तुकडा पिळून पाण्यात बुडवा. पाणी शोषून जड झाला तर तो पाइपाला लावू नका. रबराचे दोन तुकडे जिथे भेटतात तिथे नुसती टेप लावून भागत नाही. दोन्ही तोंडांना रबराचा गोंद लावून, तो हाताला चिकटेनासा झाला की दाबून जोडायचं. एक सांध मोकळी राहिली तरी दमट हवा आत जाते, पाइपावर पाणी होतं आणि ते रबराच्या आतून उतारावर वाहत कुठेतरी भलतीकडे ठिबकतं. डाग दिसतो तिथे दोष असतोच असं नाही, बऱ्याचदा तो वरच्या बाजूला दोन-तीन हात मागे असतो.

टेप ओढून-ओढून घट्ट गुंडाळली की १३ चं रबर ७-८ चं होतं. क्लॅम्पखालीही तेच होतं, म्हणून क्लॅम्प पाइपाच्या नव्हे, रबराच्या बाहेरच्या मापाचा घ्यायचा आणि खाली पत्र्याची किंवा पीव्हीसीची पट्टी द्यायची. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवायचं, त्यात पीव्हीसीची बाही घालायची आणि काम झाल्यावर दोन्ही तोंडं पुट्टीने बुजवायची. उभ्या पाइपावर टेप खालून वर गुंडाळत जायची, म्हणजे कौलांसारखा वरचा थर खालच्यावर चढतो आणि पावसाचं पाणी आत शिरत नाही. बहुतेक जण वरून सुरू करतात, कारण शिडीवर आधी चढलेले असतात!

नटांवरचं रबर सगळ्यात शेवटी, नायट्रोजनची चाचणी झाल्यावर. साबणाचं पाणी पुसून नट कोरडे करा, मग तुकडा चिरून गोंद लावून बसवा.

काही ठिकाणची खास दुखणी

आउटडोअर गोठ्याच्या भिंतीला किंवा संडासाच्या चेंबरवर बसवू नका. मूत्रातून सुटणारा अमोनिया ओल्या हवेत पितळेला तडे पाडतो, आणि फ्लेअर नट पितळेचेच असतात. हे काही नवं नाही. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवली की तडकायची. त्याचं कारण अमोनिया आहे हे १९२१ मध्ये उलगडलं. गावाकडे असा तडकलेला नट हातात आला की मला ती काडतुसं आठवतात. अशा ठिकाणी जागाच बदला, ती शक्य नसेल तर जाड घडीव नट वापरा आणि तो रबरात पूर्ण बंद करा.

काळं रबर उन्हात वर्षा-दोन वर्षांत तडकून भुगा होतं. गच्चीवरच्या पाइपाला म्हणून वरून पीव्हीसीचं केसिंग किंवा पत्र्याचं आवरण हवं, निदान उन्हाला टिकणारा रंग तरी. खानापूरकडे आणखी एक गोष्ट : माकडं. ती रबर ओढून ओढून सोलतात, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. नुसती टेप तिथे एक हंगामही टिकत नाही, केसिंगच लागतं, आणि त्याची टोकं उंदीर-खारी शिरणार नाहीत अशी बुजवावी लागतात.

नवीन घरात पाइप भिंतीत गाडणार असाल तर एक पथ्य पाळा. पाइप टाकल्यावर दोन्ही टोकं ब्रेझिंगने बंद करून एका टोकाला गेज बसवा, नायट्रोजनचा दाब भरून ठेवा आणि गिलावा, पीओपी, रंग सगळं होईपर्यंत तो तसाच राहू द्या. मध्येच सुताराचा खिळा किंवा इलेक्ट्रिशियनचं ड्रिल पाइपात गेलं तर काटा त्याच दिवशी शून्यावर येतो, आणि भिंत ओली असतानाच तेवढी जागा फोडता येते.